वाघोबापुढची शपथ

एप्रिल अर्धा सरला की आमच्या सोसायटीच्या बैठकीत धुराचा विषय निघतोच. आसनगावात मागच्या काही वर्षांत इमारती उभ्या राहिल्या, पण इमारतींच्या मागे शेतं आहेत ती आहेतच, आणि शेतवाले राब भाजतात. भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, वाळक्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती भुरभुरायची आणि पावसाआधी ते सगळं हळूहळू जाळायचं. तण मरतं, माती भुसभुशीत होते आणि त्या राखेत पेरलेलं बी तरारून येतं. एवढी साधी गोष्ट. पण धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो, गच्चीवरच्या कुरडयांना वास लागतो, आणि मग कोणीतरी उठून म्हणतं की या लोकांना पर्यावरणाचं शिक्षण द्यायला हवं. मी कपातला चहा संपवते आणि घरी येते. मी तोंड उघडलं तर बैठक संपायची नाही.

कारण ते शिक्षण देऊन झालेलं आहे. मी होते तिथे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या कंपनीत वरून ठरलं की कर्मचाऱ्यांनी समाजासाठी काहीतरी करावं, आणि ते काहीतरी म्हणजे शहापूर-मुरबाड भागातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांना जैवविविधता आणि निसर्गसंवर्धन शिकवणं. मी हिशेब खात्यात होते. माझा निसर्गाशी संबंध एवढाच, की माझं माहेर खर्डीकडचं. "तुम्ही तिकडच्याच ना," असं म्हणून माझं नाव घातलं गेलं. मुंबईतल्या माणसाला कल्याणच्या पुढचं सगळं 'तिकडे'च वाटतं. मी नाही म्हणू शकले असते, पण आमच्या कंपनीत स्वेच्छेने करायच्या कामाला नाही म्हणायची पद्धत नव्हती.

आमचे पुढारी करंदीकर साहेब, प्रशासन विभागाचे. त्यांच्याबद्दल खोटं बोलणार नाही, माणूस मनापासून करायचा. स्वतःच्या पैशाने दुर्बीण घेतली होती, जीपमधून जाताना तारेवरचा प्रत्येक पक्षी ओळखायचे आणि आम्हाला ओळखायला लावायचे. मुलांशी इतके गोड बोलायचे की मुलं घाबरायची. त्यांचा दोष एकच. समोरच्याचं वाक्य त्यांनी कधी पुरं ऐकलं नाही.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना आत वळणारा एक फाटा आहे, त्याच्या टोकाला आमची शाळा. दर शनिवारी जीप तिथे धुळीसकट पोचायची. मग खिडक्यांना गोधड्या लावून खोलीत अंधार करायचा, म्हणजे भिंतीवर चित्रं दाखवता येतील. तेवढ्यात वीज जायची. गोधड्या काढायच्या. वीज आली की परत लावायच्या. त्या कोंदट खोलीचा वास अजून माझ्या नाकात आहे: शेणाने सारवलेली जमीन, मुलांच्या डोक्याचं तेल, तापलेल्या यंत्राचा जळका वास. आणि भिंतीवर काय, तर पेंग्विन. पेंग्विन झाला की देवमासा. त्यानंतर प्रवाळ. मी एकदा म्हटलं, "सर, इथल्या रानातलं काही..." साहेब म्हणाले, "इथलं त्यांना माहीतच आहे हो." वाक्य तसं बरोबर होतं, म्हणूनच माझा जास्त संताप झाला.

संताप मुलांचाही यायचा. साहेबांनी विचारावं, झाडं आपल्याला काय देतात, आणि सगळ्या वर्गाने एका सुरात ओरडावं, "प्राणवायू." सरपण म्हणून कोणी सांगायचं नाही, करवंदं नाही, मोहाची फुलं नाही, राब तर नाहीच. साहेबांना काय ऐकायचं आहे ते पोरांनी दुसऱ्याच शनिवारी ओळखलं होतं. शिकवणारे खूश, शिकणारे खूश, मधल्या मधे मी एकटी धुसफुसत बसलेली.

त्या दिवसांत बाहेर मात्र बघत राहावं असं असायचं. शिशिर संपत आलेला, उघड्या माळावर पळस एवढा फुललेला की नजर हटू नये. दुपारच्या झळा, लांब कुठेतरी कोयत्याचा ठकठक आवाज. राबासाठी ऐनाच्या झाडांच्या डहाळ्या तोडायचे दिवस ते. झाड मुळापासून कोणी तोडत नाही, डहाळ्या तेवढ्या उतरवतात, पावसात झाड पुन्हा फुटतं. तोडलेल्या डहाळ्या, म्हणजे टहाळ, उतारावर वाळत पडतात आणि पुढे बायका-पोरं त्यांचे भारे डोक्यावरून शेतात आणतात. माझ्या लहानपणी मीही आणलेत. मानेत रुतणाऱ्या काटक्या आठवल्या की अजून मान वळवून बघते.

महाशिवरात्रीच्या आसपास आमचा समारोप आला. समारोपाला शपथ हवी, शपथेला फोटो हवा आणि फोटोला जागा हवी. गावाच्या कडेला एका जुन्या बेहड्याच्या झाडाखाली वाघोबा आहे. उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ, शेंदूर, समोर मातीचे दोन-चार वाघ ठेवलेले. साहेबांना सावली आवडली. त्या भागात वाघोबापुढे कोणी उगाच तोंड उघडत नाही. बांधाची भांडणं, चोरीचे आळ, सगळं तिथे येऊन मिटतं, कारण त्या दगडापुढे बोललेलं मागे घेता येत नाही.

"सर, इथे नको, शाळेच्या ओट्यावर घेऊ. इथे शपथ घेतली की ती..."

"मॅडम, कॅमेरा धरा. उजेड छान आहे."

आणि कंपनीने वाटलेल्या हिरव्या टोप्या घातलेल्या त्या सगळ्या मुलांनी हात पुढे करून साहेबांमागून एकेक तुकडा म्हटला. मी आजपासून झाडाची एकही फांदी तोडणार नाही. तोडू देणार नाही. रानात वा शिवारात आग लावणार नाही. साहेबांचा आवाज भरून आला होता. मुलं पेंग्विनच्या वेळी चुळबुळायची तशी चुळबुळत नव्हती. मी फोटो काढला. तो पुढे कंपनीच्या मासिकात पहिल्या पानावर आला.

मार्च संपला, वर्ष संपलं, निसर्ग संपला. कंपनीने नव्या वर्षी रस्तासुरक्षा हाती घेतली. मुलांची प्रमाणपत्रं तेवढी छापून आली होती, ती पोचवायला एप्रिलअखेरीस मला एकटीला पाठवलं.

शाळेत भोईर गुरुजी होते, मुख्याध्यापक आणि एकमेव शिक्षक. प्रमाणपत्रांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, तुमची शपथ फारच चालली," ते म्हणाले. "आता ती थांबवायचं बघा."

मला आधी कळेना. त्यांनी आंब्याकडे बोट केलं. भर दुपारी सातआठ मुलं फांद्यांवर पाय सोडून बसली होती, कैऱ्या खात. घरोघरी राबाचं काम चाललेलं आणि पोरं मोकळी. एकाला मी विचारलं, तर तो वरूनच म्हणाला, "आमाला हात लावता नाय येत, बाई. शपथ हाय."

"आणि कैऱ्या?"

"कैरी म्हंजे फांदी नाय ना."

या पोरांना वाघोबाचा धाक नव्हता. यांना शपथ म्हणजे सुट्टी सापडली होती. आयांनी शिव्या दिल्या, बापांनी कान पिळले, की पोरं म्हणायची, वाघोबाला विचारा. मग मोठी माणसंच माघार घ्यायची, कारण वाघोबाला विचारायची त्यांची छाती नव्हती. तरी त्यांच्या घरांत माणसं होती, भारे कोणीतरी आणत होतं. खरा घोळ एकाच घरात झाला होता.

सुरेखा म्हणजे सहावीतली, समारोपाला पहिल्या रांगेत होती ती मुलगी. बाप भिवंडीकडे वीटभट्टीवर, तो पाऊस लागायच्या आधी यायचा नाही. घरात आई, ती आणि चालायला शिकलेला एक भाऊ. बाकीच्या पोरांनी शपथेतला सोयीचा तेवढा तुकडा घेतला. सुरेखाने अख्खी शपथ घेतली. 'तोडू देणार नाही' असं ती बोलली होती, म्हणून तिने आईचा कोयता लपवला. मार खाल्ला, पण कुठे ठेवला ते सांगितलं नाही. आईने शेजारचा कोयता मागून आणला. परका कोयता, धार वेगळी, मूठ वेगळी. तो सटकला आणि तिचा डावा तळहात उभा चिरला गेला.

ती बाई मला शाळेच्या पायरीवरच भेटली. हाताला मळकं फडकं बांधलेलं. मी ओळख सांगायच्या आत म्हणाली, "फोटो काढनाऱ्या तुमीच ना?"

मी हो म्हटलं.

"माझं टहाळ रानात पडून हाय. या हातानं मला भारा बांधता नाय येत. पोरगी शिवत नाय. राब नाय भाजला तं रोप कशात टाकू, तुमच्या टोपीत?"

मी सुरेखाला बोलावलं. ती दाराआड उभी होती, डोळे सुजलेले. मी तिला समजावलं की ती शपथ मोठी झाडं वाचवायची होती, राबाची नव्हती. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मी मोडली तं वाघोबा धाकल्याला नेईल, बाई."

"अगं, मग सोडवू ती. सुटली, म्हटलं बघ मी. सुटली."

"तुमी घातली नव्हती," ती म्हणाली.

लहानपणी आपण सगळ्यांनीच हे केलंय. कोणी गळ्याची शपथ घातली की त्याच्या मागे मागे फिरायचं, 'सुटली म्हण, सुटली म्हण', आणि तो मुद्दाम म्हणायचा नाही. ज्याने घातली त्यानेच सोडवायची, हा नियम कोणी शिकवलेला नाही आणि कोणी मोडलेलाही नाही. गुरुजींनी म्हणून बघितलं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांनाही विचारून झालं होतं. त्यांचं एकच: त्या साहेबानं येऊन नारळ फोडावा, सुटली बोलावं.

एक शब्द. एवढ्यासाठी तो माणूस मुंबईहून आणायचा होता. मला आधी वाटलं, हे काय मोठं काम आहे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पहिल्यांदाच माझं बोलणं पुरं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मुलं पाळताहेत? खरंच पाळताहेत?" मी म्हटलं, सर, एका बाईचा हात कापलाय, त्या घराचं वर्षाचं भात अडकलंय. ते हळहळले. खरंच हळहळले, औषधपाण्याचं विचारलं. पण शपथ सोडवायची म्हटल्यावर खुर्चीत मागे टेकले. "मी जाऊन मुलांना झाडं तोडा म्हणून सांगू? मग शपथेला अर्थ काय राहिला?" याला उत्तर नव्हतं असं नाही. माझ्याकडे दहा उत्तरं होती. पण प्रत्येक उत्तराच्या मध्यावर ते "ते ठीक आहे हो" म्हणायचे. शेवटी म्हणाले, मासिकात आलंय सगळं, वर विचारायला लागेल.

वर विचारणं चालू राहिलं. मे चढत गेला. मी शनिवारी जात होते, कोणी पाठवत नसताना. एकदा सुरेखाच्या आईबरोबर रानात गेले, म्हटलं मीच आणते भारे. पहिला भारा डोक्यावर घेतला तो उताराच्या मध्यावर सुटला आणि डहाळ्या घरंगळत ओढ्यात गेल्या. दुसरा शेतापर्यंत पोचला, मी पोचले तेव्हा मला बोलता येत नव्हतं. "ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली, "तुमालाच कोन उचलील?" आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसली. सुरेखा बांधावर भावाला घेऊन बसली होती. मला ओझ्याखाली वाकलेली बघून तिचे हात दोनदा पुढे आले आणि दोनदा तिने ते मागे घेतले. अकरा-बारा वर्षांची पोर आईला एका हाताने काटक्या ओढताना दिवसभर बघते आहे आणि उठत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं. मला साहेबांचा राग आला, कंपनीचा आला, नियम पकडून बसणाऱ्या त्या गावाचा आला, आणि खरं सांगायचं तर वाघोबाचाही आला. एवढा मोठा देव, एका पोरीला सूट देता येत नाही म्हणजे काय?

इकडे आजूबाजूचे राब भाजून काळे झाले. संध्याकाळी सगळ्या शिवारात तो वास भरून राहायचा, शेणाचा, पाल्याचा, तापल्या मातीचा. ज्याला तो धूर वाटतो त्याला वाटो, मला त्या वासाने भूक लागते. फक्त सुरेखाच्या आईचा तुकडा तसाच पांढुरका पडला होता. कसाऱ्याकडच्या डोंगरांवर दुपारनंतर ढग बसायला लागले. एकदा ते ओलं झालं की काही भाजत नाही.

शेवटी मी साहेबांना म्हटलं, "सोडवायचं राहू दे सर. मुलांनी इतकी शपथ जपली, एकदा स्वतः येऊन बघा तरी." त्यावर ते दुसऱ्याच दिवशी आले, दुर्बीण गळ्यात घालून. वरच्या उत्तराची वाट बघण्यात मी महिना घालवला होता, आणि किल्ली ही होती.

वाघोबापुढे सगळा गाव उभा होता. साहेबांनी भाषण सुरू केलं. अभिमान, भावी पिढी, हिरवी वसुंधरा. लोक थांबले. भाषण वाढत गेलं. मग सुरेखाची आई पुढे आली, तिने उजव्या हाताने नारळ त्यांच्यापुढे धरला. डावा फडक्यातला हात छातीशी होता. साहेबांनी त्या हाताकडे बघितलं आणि त्यांचं वाक्य तुटलं. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "फक्त सुटली म्हणा, सर." त्यांनी नारळ घेतला, दगडावर आपटला, दुसऱ्या फटक्याला फुटला.

"सुटली," ते म्हणाले. आवाज अगदी लहान होता.

आंब्यावर बसणाऱ्या पोरांची तोंडं पडली, कारण आता कामाला जावं लागणार होतं. बायांनी सुस्कारे सोडले. सुरेखा मात्र जागेवरून हलली नाही. तिने साहेबांना विचारलं, "आन तुमची?"

"माझी काय बाळ?"

"तुमी पन बोलला होता ना. आमच्या आधी बोलला. तुमची कोन सोडवनार?"

साहेब हसले. म्हणाले, मला कुठे राब भाजायचाय. गावातलं कोणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांची शपथ त्यांना कोणी घातली नव्हती, त्यामुळे ती सोडवणारं कोणी नव्हतं, हे सगळ्यांना एकदमच कळलं होतं. साहेब जीपमध्ये बसले तेव्हा सुरेखा डोक्यावर चुंबळ ठेवून रानाच्या वाटेला लागली होती, जवळजवळ पळतच.

राब भाजला. घाईत रचलेला, थर पातळ, दोन ठिकाणी विझला आणि पुन्हा पेटवावा लागला. पाऊस चार दिवसांत आला. रोप शेजाऱ्यांपेक्षा विरळ उगवलं, पण लावणीपुरतं झालं. मी त्या दिवशी घरी आले आणि पहिल्यांदा नीट जेवले.

गोष्ट इथे थांबली असती तर बरं झालं असतं. दिवाळीनंतर कंपनीच्या आवारात नवी शेड बांधायची निघाली. सायकल ठेवायच्या जागेवर शिरीषाची चार मोठी झाडं होती, ती काढायची, आणि त्याला संमती प्रशासनाची, म्हणजे साहेबांची. ते माझ्या टेबलाशी आले. "ती मुलगी काय म्हणाली होती, गंमतच ना," असं म्हणाले आणि हसले नाहीत. मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी करेल. सोमवारपासून साहेब पाठदुखीच्या रजेवर गेले. त्यांच्या जागी दुसऱ्याने हो म्हटलं, आठवड्यात झाडं गेली, आठवड्याने साहेब आले. पाठ बरी होती. जानेवारीत त्यांना बढती मिळाली.

त्याच हिवाळ्यात मी रस्तासुरक्षेचे तक्ते घेऊन त्या शाळेत गेले. जिथे एसटी दिवसातून दोनदा येते, तीही आली तर, तिथे मी झेब्रा क्रॉसिंग शिकवत होते. तास संपल्यावर सुरेखा पाण्याचा हंडा घेऊन जाताना थांबली. उंच झाली होती.

"साहेब बरं हायत ना, बाई?"

"बरे आहेत. का गं?"

"त्यांची सोडवली नाय ना कोनी. मी आयला बोलली, त्यांला काय झालं नसंल ना."

म्हणजे इतके महिने ही पोर त्या माणसाची काळजी करत होती. शिरीषाची झाडं माझ्या ओठांवर आली होती. पण तिला ते सांगितलं तर तिच्या धाकल्यासाठी तिने सोसलेलं ते सगळं फुकट ठरेल, हेही तेव्हाच दिसलं.

"काही झालेलं नाही," मी म्हटलं. "उलट बढती मिळाली त्यांना."

तिचा चेहरा मोकळा झाला. "मंग पाळत असतील," ती म्हणाली, आणि हंडा डोक्यावर घेऊन गेली.